आवाज लिहून कळव

कोपर, डोंबिवली (प.)
९ फेब्रुवारी २०२५

चि. दीप्ती,
जय भीम.

पत्र बघून घाबरू नकोस, इथे दोघंही ठीक आहोत. फोन करून उपयोग नाही हे तुला माहीतच आहे. कानातलं मशिन लावलं की पंखा, कुकर, शेजारचा टीव्ही सगळं एकदम अंगावर येतं आणि नेमकं माणसाचं बोलणं तेवढं येत नाही. म्हणून ते कधीचं डबीत घालून ठेवलंय आणि घरात पाटी-पेन्सिलच चालते. तुझ्या सासूबाई हल्ली माझ्याशी पाटीवर भांडतात. मोबाइलवर मराठी लिहायला बसलो तर एका ओळीला चहा निवतो, त्यापेक्षा कागद बरा.

विषय जीपचा आहे. प्रशांतबरोबर टॉवरच्या कामावर नयन होता बघ, कर्जतकडचा, त्याने नोकरी सोडून रोपवाटिका टाकलीय. डोंगरावर रोपं चढवायला त्याला फोर-व्हील हवी आहे. परवा घरी येऊन गेला. म्हणाला, आबा, गाडी दुसऱ्या कुणाला देऊ नका. मलाही पटलं. प्रशांत गेल्यापासून ती तुझ्या सोसायटीत उभी आहे, आणि उभी गाडी चालत्या गाडीपेक्षा लवकर मरते. चौदा एप्रिल झाली की तो न्यायला येईल म्हणतो. पण गाडी तुझी आहे, तू हो म्हटल्याशिवाय काही होणार नाही.

हो म्हणालीस तर एक काम करावं लागेल. लिलावातलं ते भंगार पोराने आणि मी मिळून उभं केलं. ती गाडी आवाज करत मी कुणाच्या हातात देणार नाही. माझे कान शाबूत असते तर स्वतः आलो असतो, स्क्रू-ड्रायव्हरचं टोक गिअरबॉक्सला आणि मूठ कानाला लावून दोन मिनिटांत निकाल दिला असता. आता ऐकायचं तू आणि ओळखायचं मी. आवाज ऐक आणि लिहून कळव.

हसू नकोस. आमच्या वर्कशॉपात ड्रायव्हर गाडी टाकून निघून जायचे, मागे फक्त जॉबकार्डावर तक्रार लिहिलेली असायची. एका बहाद्दराने लिहिलं होतं, 'गाडी रडते.' सगळे हसले. मी मागचं डिफरन्शियल उघडलं तर आतले दात झिजून गेलेले. रडणं हा अगदी बरोबर शब्द होता. दुरुस्ती झाली की ड्रायव्हरने एक फेरी मारायची आणि खाली शेरा लिहून सही करायची, 'आवाज नाही.' त्या दोन शब्दांसाठी आम्ही राबायचो.

तू दर आठवड्याला गाडी चालू करतेस ना? चालवायला तर प्रशांतने शिकवलंच आहे. एक फेरी मार आणि सांग, आवाज पुढून येतो की मागून, गाडीच्या वेगाबरोबर वाढतो की नुसतं इंजिन वाढवलं तरी वाढतो, स्पीडब्रेकरवर काय होतं. मनात येईल तो शब्द लिही, शुद्धलेखन मी तपासत नाही.

सासूबाई विचारतात, रात्रीचं नीट जेवतेस की बिस्किटांवर भागवतेस?

आबा


कोलशेत, ठाणे
२० फेब्रुवारी २०२५

ती. आबा,
जय भीम.

लॅबमधून आले तर लेटरबॉक्समध्ये लाइटबिल आणि बँकेच्या पाकिटांच्या मधोमध तुमचं पत्र. वॉचमन म्हणाला, मॅडम, आपल्या सोसायटीत हाताने पत्ता लिहिलेलं पाकीट पहिल्यांदाच आलं. आईंना सांगा, जेवते. बिस्किटं फक्त सकाळी.

गाडी नयनला द्यायची म्हणता, तर द्या. दुसरा कुणी असता तर मी नाही म्हटलं असतं. पण एवढी घाई नको. तुम्हीच म्हणता ना, आवाजासकट द्यायची नाही, मग आधी आवाजाचं बघू या.

रविवारी फेरी मारून आले, खाडीकडच्या रस्त्याने. आवाज आहे. पुढून येतो, खालच्या बाजूने. चिक्, चिक्, चिक् असा. गाडी हळू असली की एकेक सुटा येतो, वेग घेतला की जवळजवळ येतात. पाल चुकचुकते तसा म्हणणार होते, पण तसा नाही, जरा कोरडा आहे. कोरडा आवाज म्हणजे काय ते मला नीट सांगता येणार नाही, पण शब्द तोच येतो. आणि गेटमधून आत शिरताना आपला तो स्पीडब्रेकर आहे ना, त्यावरून पुढची चाकं उतरली की टण् होतं. एकदाच. मग पुन्हा चिक्, चिक्, पार्किंगच्या उतारावर हळूहळू होत जातो आणि गाडी लागते.

बाकी काही कळलं नाही. अजून काय बघू ते लिहा. तुमच्या गुडघ्याचं तेल संपलं असेल तर सांगा, इथल्या दुकानात मिळतं.

दीप्ती


कोपर
१ मार्च २०२५

चि. दीप्ती,
जय भीम.

आवाज पोचला. लिहितेस छान. 'कोरडा' हा शब्द चांगल्या चांगल्या मेकॅनिकला सुचत नाही. गिअरबॉक्सपासून चाकांकडे जाणारी लोखंडी नळी असते तिला शाफ्ट म्हणतात. आपल्या गाडीला एक मागे जातो, एक पुढे. त्याच्या टोकांना अधिकच्या खुणेसारखा तुकडा असतो, तो क्रॉस. त्याच्यामुळे शाफ्ट फिरता फिरता खालीवर वाकू शकतो. क्रॉसमधलं ग्रीस सुकलं, आतल्या सुया गंजल्या, की तू लिहिलास तसाच आवाज येतो, कोरडा.

तरी माझं समाधान झालेलं नाही. आवाजाबद्दल तक्रार नाही, तो कुठून येतो त्याबद्दल आहे. म्हणून आणखी थोडं करून बघ.

गाडी वेगात असताना न्यूट्रल कर आणि नुसती घरंगळू दे. आवाज तसाच राहिला तर दोष शाफ्टकडे किंवा चाकाकडे, गेला तर इंजिन-गिअरबॉक्सकडे. मग गिअरमध्ये ॲक्सिलरेटरवर पाय दाबून आणि सोडून बघ, फरक पडतो का. शेवटी खाडीजवळच्या त्या मोकळ्या मातीच्या मैदानात जा. तिथे फोर-व्हीलचा दांडा ओढ, स्टिअरिंग पूर्ण डावीकडे फिरव आणि अगदी हळू गोल फिर. मातीतच हं, डांबरावर हा प्रयोग केलास तर गाडी तुला शिव्या देईल. पुढून काय ऐकू येतं ते नीट कळव. हे शेवटचं चुकवू नकोस.

तेल आहे. गुडघेच संपत आलेत, तेलाला काय करतेस? तुझ्या सासूबाईंनी सुक्या बोंबलाची चटणी करून ठेवलीय, कुणी ठाण्याकडे येणारं सापडलं की पाठवते म्हणतात.

आबा


कोलशेत
१६ मार्च २०२५

ती. आबा,
जय भीम.

उशीर झाला, लॅबमध्ये माणसं कमी आहेत. काल जाऊन आले, तुम्ही सांगितलंत ते सगळं केलं.

या वेळी आवाज जरा वेगळा वाटला. घूंऽऽ असा एक येतो, गाडी उभी असतानाही. नुसतं इंजिन वाढवलं तरी वाढतो. चालत्या गाडीत पाय दाबला की तुमचा तो ड्रायव्हर म्हणाला होता तसं, रडल्यासारखं होतं, सोडला की थांबतं. मैदानात फोर-व्हील टाकून डावीकडे वळवली तर पुढून कटकट, कटकट, बऱ्यापैकी जोरात. चिक्चिक् या वेळी तेवढं जाणवलं नाही.

मला वाटतं गाडीचं काम बरंच मोठं निघेल. अशा गाडीतून नयनने डोंगर चढायचा म्हणजे भीतीच आहे. त्याला सांगा की एवढ्यात नको. पावसाळ्यानंतर बघू, तोवर तुम्ही शोधून काढाल कुठे काय आहे ते. मला काही अडचण नाही, पार्किंग आपलंच आहे.

आईंना नमस्कार. चटणीची वाट बघते.

दीप्ती


कोपर
२३ मार्च २०२५

दीप्ती,

तुझं पत्र वाचून घडी करून ठेवलं होतं. लगेच लिहिलं असतं तर नको ते लिहून गेलो असतो. थांबलो, तरी राग गेलेला नाही.

आधी चिक्चिक्, ती वेगाबरोबर. आता घूं, तोही उभ्या गाडीत. शिवाय रडणं, शिवाय कटकट. आणि पहिलं दुखणं औषधाशिवाय बरं झालेलं. अगं, उभ्या गाडीला महिन्याभरात इतकं सगळं होत नाही.

पण ते सोड. तुझ्या जीपला पुढचा शाफ्टच नाही. तो इथे आहे, माझ्या पलंगाखाली, गोणपाटात गुंडाळलेला. प्रशांत जायच्या आधीच्या रविवारी त्याने तो इथे खाली अंगणात स्वतः खोलला आणि क्रॉस बदलायला म्हणून माझ्याकडे टाकून गेला. मागच्या चाकांवर गाडी चालते, त्याला अडचण नव्हती. पुढच्या रविवारी येऊन बसवून नेणार होता. तो रविवार आपल्याकडे कसा आला ते तुला सांगायला नको.

तेव्हा पुढून चिक्चिक् येते असं तू लिहिलंस तेव्हाच मी चमकलो. खात्री करायला डावीकडे वळायला सांगितलं. शाफ्ट नाही म्हणजे फोर-व्हील टाकूनही पुढची चाकं ओढत नाहीत, कटकट करणार कोण? तू मैदानात गेली नाहीस. तू गाडीत बसलीसुद्धा नाहीस.

शाफ्टचं आधी का बोललो नाही म्हणून विचारशील. सांगवलं नाही. नवा क्रॉस घालून, ग्रीस भरून तो कधीचा तयार आहे. तुझी सासू शांता झाडताना त्याला सरकवते आणि परत होता तिथे ठेवते, आणि त्यावर आमचं पाटीवरसुद्धा बोलणं होत नाही.

गाडी द्यायची नव्हती तर नाही म्हणायचं होतंस. मी नयनला दुसऱ्या दिवशी कळवलं असतं. पण माझ्याकडे खोटी तक्रार पाठवलीस ते मला लागलं. आमचे ड्रायव्हर आळशी होते, त्यातले काही पिणारे होते, पण आवाजाबद्दल खोटं कुणी लिहिलं नाही, कारण त्यांच्या शब्दावर आम्ही गाडीखाली शिरायचो. बहिऱ्या माणसाला काहीही सांगितलं तरी चालतं, असं घरातलं माणूस समजतं तेव्हा त्या बहिऱ्याला काय वाटतं हे मला तुला लिहायची वेळ आली.

आबा


कोलशेत
३० मार्च २०२५

ती. आबा,
जय भीम.

तुम्ही रागावलात ते बरोबरच आहे. मी गाडीत बसलेले नाही. दर आठवड्याला चालू करते म्हणून सांगत आले तेही खोटं, बॅटरी कधीच उतरली असेल. किल्ली फ्रिजवरच्या टोपलीत पडून आहे. डिसेंबरात एकदा धीर करून खाली गेलेले. दार उघडलं तर सीट त्याच्या पायांच्या मापाने मागे सरकवलेली. चालवायची म्हणजे मला ती पुढे ओढायला लागली असती. मी दार लावून वर आले.

पण पहिल्या पत्रातला आवाज खोटा नाही, आबा. तो मी आठवून लिहिला. संध्याकाळी ओट्याशी उभी असले की गेटमधून यायचा तोच. टण् ऐकलं की मी चहाचं आधण ठेवायचे. तो गाडी लावून, लिफ्टची वाट बघून वर येईपर्यंत चहाला उकळी फुटायची आणि त्याचं बोट बेलवर जायच्या आत मी दार उघडायचे. लग्नानंतर कितीतरी दिवस त्याला याचं नवल वाटायचं. शेवटी मीच सांगितलं, अरे, तुझी गाडी आधी मला हाक मारते, मग तू येतोस.

तुम्ही पुन्हा विचारलंत तेव्हा पुन्हा तोच आठवायला बसले आणि आला नाही. घूं आला. तो त्याच्या गाडीचा की बी विंगच्या पाण्याच्या पंपाचा, मला ठरवता येईना. मग कटकट आली. जे आलं ते लिहीत गेले, म्हटलं लिहिता लिहिता खरा सापडेल. आबा, मी तो आवाज विसरत चाललेय. त्याचं बोलणं मोबाइलमध्ये आहे, त्याचे व्हिडिओ आहेत. हा आवाज कुठेच नाही. रोज घरी येणाऱ्या गाडीचा आवाज कोण कशाला रेकॉर्ड करून ठेवतं? आणि तुम्ही दोष शोधून दुरुस्त केलात, नयन गाडी घेऊन गेला, की तो कायमचा संपला. म्हणून मला तुमचा शोध संपायलाच नको होता. तुम्हाला फसवायचं मनात नव्हतं, पण फसवलं. माफ करा.

आता जे माझ्या आईलाही सांगितलेलं नाही ते सांगते. शेवटच्या आठवड्यात मला तो आलेला ऐकूच आला नाही. रोज बेल वाजायची आणि मी दचकायचे. दार उघडून म्हणायचे, अरे, कधी आलास? तो नुसता हसायचा. चहा ठेवलेला नसायचा. आमच्या लॅबचं इन्स्पेक्शन होतं, माझं डोकं तिकडे. मग गुरुवारी तो ऑफिसातच, खुर्चीत बसल्या बसल्या गेला. आणि तेव्हापासून हे मनातून जात नाही की त्याची गाडी रोज गेटमधून येत होती आणि मी ऐकत नव्हते. जिला एवढा मोठा आवाज ऐकू आला नाही, तिला त्याच्या चेहऱ्यावरचं काय दिसणार? तो थकला असेल, छातीत दुखत असेल, आणि मी त्याला 'कधी आलास' विचारत होते. डॉक्टर म्हणाले आधी काही कळलं नसतं. ते सगळ्यांनाच तसं सांगतात. मी लॅबमध्ये काम करते, मला माहीत आहे.

तुमच्या पत्रात 'आधीच्या रविवारी' वाचलं आणि तिथेच थांबले. आबा, एवढंच सांगा, शाफ्ट काढलेल्या गाडीला तो आवाज येतो की येत नाही? माझी समजूत काढायला म्हणून लिहू नका. जॉबकार्डावर लिहाल तसं लिहा.

दीप्ती


कोपर
६ एप्रिल २०२५

चि. दीप्ती,
जय भीम.

आधी उत्तर. येत नाही.

कारणासकट लिहितो. आपल्या जीपला फोर-व्हील टाका नाहीतर नका टाकू, पुढची चाकं फिरली की पुढचा शाफ्ट त्यांच्याबरोबर फिरतोच. चिक्चिक् त्याच्या सुकलेल्या क्रॉसची होती, एका फेऱ्याला एक. टण् त्याच क्रॉसचा. तो इतका झिजला होता की चाकं खाली आपटली की आतल्या आत हलायचा. शाफ्ट काढला की दोन्ही गेले. त्या आठवड्यात रोज तुझ्या गेटमधून जी गाडी आली, तिच्यात चौथ्या मजल्यावर ऐकू जाईल असं काही नव्हतंच. तुझं लक्ष होतं, पोरी. आवाज इथे माझ्या पलंगाखाली होता. घूं आहे तो पंपाचाच, गाडीला तो कधी नव्हता.

आता दुसरं, जे तुझं पत्र वाचेपर्यंत माझ्या डोक्यातून पार गेलं होतं. त्या रविवारी हात पुसता पुसता प्रशांतने पाटी ओढली आणि लिहिलं, 'दीप्तीला सांगू नका. गाडी मुकी झालेली तिला कळते का बघू.' मी खाली लिहिलं, 'तू वर पोचायच्या आधी तिला कळेल.' तो हसला, माझं वाक्य बोटाने पुसलं आणि लिहिलं, 'पैज?' दारात हसायचा तो त्यासाठी हसायचा. तू 'कधी आलास' म्हणायचीस आणि तो पैज जिंकायचा. रविवारी इथे येऊन मला चिडवणार होता.

हे मी शांताला पाटीवर लिहून दाखवलं. तिने माझ्या हातातली पेन्सिल घेतली. खाली लिहिलं, 'हसत होता ना? मग बरं.' पाटी अजून पुसलेली नाही.

माझ्या मागच्या पत्रातलं सगळं मी परत घेतो. तुझी तक्रार खरी होती, मी वाचताना चुकलो. मला वाटलं तू गाडीबद्दल लिहितेस.

तू विसरत चाललीस म्हणतेस. माझं उलट झालंय, नवं काही आत जात नाही म्हणून जुनं होतं तिथेच आहे. दोन वर्षांपूर्वी तुमच्याकडे राहिलो होतो तेव्हा थोडंफार ऐकू यायचं. तो आवाज असा होता. रस्त्यावरून वळताना चिक् भराभर. गेटपाशी तो दुसऱ्या गिअरवर यायचा, तिथे चिक् सुट्या व्हायच्या. स्पीडब्रेकरच्या आधी क्लच दाबायची त्याला वाईट खोड होती, त्यामुळे तिथे क्षणभर काहीच नाही. मग टण्. मग उतारावर एकेक, लांब लांब. आणि शेवटची चिक् अर्धीच यायची, कारण गाडी थांबते तेव्हा शाफ्टचा फेरा पुरा होत नाही.

झिजलेला क्रॉस मी फेकलेला नाही, बिस्किटाच्या डब्यात आहे. माझी सगळी नोकरी आवाज घालवण्यात गेली, आता एकदा आवाज बसवायला येतो. शाफ्टात तोच जुना क्रॉस परत घालतो. जयंती झाली की पुढच्या रविवारी, वीस तारखेला, मोठागावच्या पुलावरून रिक्षाने येईन. नयनला बॅटरी घेऊन बोलावलंय, शाफ्टचे बोल्ट तो आवळेल, माझे गुडघे गाडीखाली जात नाहीत. गाडी गेटबाहेर काढू आणि मी ती आत आणीन, हळू, एकच फेरी. तेवढ्याला तो क्रॉस धरतो. तू खाली येऊ नकोस. ओट्याशी उभी राहा.

सीटला मी हात लावणार नाही. त्याच्या मापाची मला थोडी लांब पडेल, पाय ताणून क्लच दाबीन.

मला काही ऐकू येणार नाही. आवाज जमला की नाही ते तूच सांगायचं. नाही जमला तर तसं सांग, या बाबतीत माझी भीड धरू नकोस. त्यानंतर नवा क्रॉस घालायचा, गाडी ठेवायची की द्यायची, ते तू म्हणशील तसं.

आबा


कोलशेत
२७ एप्रिल २०२५

ती. आबा,
जय भीम.

त्या दिवशी तुम्ही पाटी पुढे केलीत आणि माझ्याने काही लिहवलं नाही. तुम्हीही मग विचारलं नाहीत, आईंनी दिलेला चटणीचा डबा ठेवलात आणि निघालात. म्हणून आता लिहिते.

तुम्ही खाली होतात, वरचं तुम्हाला माहीत नाही. खिडकीतून बघायचं नाही असं मी ठरवलेलं. आधी नयनचं बोलणं ऐकू आलं, मग बॉनेट आपटल्याचा आवाज, मग खूप वेळ इंजिन नुसतंच खोकत होतं. एकदाची गाडी बाहेर गेली. नंतर बराच वेळ काहीच नाही. मला वाटलं रस्त्यात बंद पडली. खरं सांगते, पडली असती तर बरं, असंही वाटलं.

मग चिक् आली. आधी भराभर, मग गेटपाशी सुटी सुटी. तुम्हीसुद्धा ब्रेकरच्या आधी क्लच दाबलात, आबा. मुद्दाम दाबलात की ती खोड त्याने तुमच्याकडूनच उचललेली? क्षणभर काही नव्हतं आणि मग टण् झालं.

मला वाटलेलं, ऐकलं की मी कोसळेन. तसं झालं नाही. माझा हात गॅसकडे गेला. मी काही ठरवलं नव्हतं, पातेल्यात दोन कप पाणी पडलंसुद्धा, आलं किसायला घेतलं. उतारावर चिक् लांब लांब होत गेली आणि शेवटची अर्धी आली. ती अर्धी मला तुम्ही लिहिलीत तेव्हाही आठवली नव्हती, कानावर पडली तेव्हा आठवली. मग गाडी बंद झाली, मग लिफ्टचं दार लागलं. लिफ्ट वर येईपर्यंत तो येत होता. तुम्ही आहात हे मला पक्कं माहीत होतं, तरी तेवढा वेळ तो येत होता.

तुमचं बोट बेलपर्यंत पोचलं नव्हतं आणि दार उघडलेलं होतं. तुमच्या कपाळाला ग्रीस लागलेलं. तुम्ही मोठ्याने, अख्ख्या मजल्याला ऐकू जाईल असं विचारलंत, "आला का गं?" आवाजाबद्दलच विचारत होतात, मला कळलं. मी मान हलवली आणि मग मला रडू आलं, आणि तुम्ही गडबडून पिशवीत पाटी शोधायला लागलात. तो चहा उकळून निम्मा झालेला, कडू झालेला असणार. तुम्ही तो शेवटपर्यंत प्यायलात.

आता नवा क्रॉस घाला आणि गाडी नयनला द्या. मनापासून सांगते. त्याला सीट त्याच्या मापाची करून घेऊ दे, फक्त तो ती सरकवेल तेव्हा मी खाली नसेन. जुना क्रॉस काढाल तो मात्र बिस्किटाच्या डब्यात परत ठेवू नका, मला द्या. संध्याकाळी अजून बेल वाजली की मी दचकते, पण आता बेल वाजण्याआधी काय चुकलं म्हणून मनात शोधत बसत नाही.

पुढच्या रविवारी मी तिकडे येते. पाटीवर त्याचं अक्षर नाही हे मला माहीत आहे, तुमचं आणि आईंचंच आहे, तरी मी बघेपर्यंत पुसू नका.

तुमच्या जॉबकार्डावरचा शेरा राहिला होता, तो लिहिते.

आवाज होता.

दीप्ती